मालगुंडच्या उन्हात निळा छाप

कोकणातल्या मालगुंडला कवी केशवसुतांचं घर पाहायला येणारे मोबाइलमध्ये फोटो घेतात आणि तो तिथेच राहतो. तोच फोटो आपल्याला उन्हाच्या जोरावर कागदावर उतरवता येतो. या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात. लोखंडाच्या क्षारांवर ऊन पडलं की पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली, केशवसुतांच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधी. इमारतींचे जुने निळे नकाशे याच रसायनाने निघत.

इथे छाप निगेटिव्हएवढाच निघतो, म्हणून हव्या त्या आकाराची निगेटिव्ह करायला संगणक कामाला येतो. फोटो कृष्णधवल करा, उलटा करा म्हणजे काळं पांढरं होईल, मग आरशातल्यासारखा फिरवा. हे फिरवणं बहुतेकांच्या हातून राहतं आणि पाटीवरची अक्षरं उलटी उमटतात.

ही निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापायची. साध्या फिल्मवर इंकजेटची शाई ठरत नाही, ओघळते. दुकानात इंकजेटचीच फिल्म मागा.

आता द्रावणं. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळ्या, गडद बाटल्यांत ठेवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ कधीही नेऊ नका. विषारी वायू सुटतो.

लागेल तेवढंच समप्रमाणात मिसळून मंद पिवळ्या दिव्यात जलरंगाच्या जाड कागदावर ब्रशने पातळ पसरा.

खरी अडचण पुढे आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत कागद वरून कोरडा वाटतो, आत ओलच असते. तसाच निगेटिव्हखाली दाबला तर शाई कागदाला चिकटते आणि मेहनतीने केलेली निगेटिव्ह वाया जाते. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली नीट वाळवा, बोटाला गारवा लागत असेल तर आणखी थांबा. पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये असं माझं मत आहे.

शाईची बाजू कागदाला टेकवून वर काच ठेवा आणि उन्हात मांडा. वेळ आधी द्रावण लावलेल्या कागदाच्या पट्टीवर ठरवा: तिच्यावर झाकलेला पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत न्या. पिवळसर-हिरवा रंग निळा होत, गडद भागांत राखाडी झाक दिसेपर्यंत थांबायचं. नवखे निळा दिसताच कागद उचलतात आणि धुताना चित्र वाहून जातं.

मग पिवळं पाणी थांबेपर्यंत साध्या पाण्यात धुवा. साबण किंवा सोडा नको, निळा उडतो. वाळल्यावर एका दिवसात रंग आणखी गडद होतो. चुन्याने रंगवलेल्या भिंतीला मात्र छाप थेट चिकटवू नका. चुनाही सोड्यासारखाच निळा खातो.