ई-सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक बदलताय? आधी लिव्हरमधून निघणारी ती बारीक वायर बघा!

ई-सायकल सिंहगडावरून खाली येतेय. ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट हँडलला टेकला आणि सायकल मात्र पळतेच आहे. असं एकदा झालं की माणूस त्याच रात्री ऑनलाइन नवा ब्रेक सेट शोधायला बसतो. फोटो छान, रेटिंग छान, ऑर्डर केली. पण साध्या एमटीबीचा सेट ई-सायकलला चालेलच असं नाही.

मुळात सेट बदलायची गरज आहे का? लिव्हर स्पंजसारखा दबत असेल, तर बहुतेक वेळा ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. ब्लीडिंग केलं की काम होतं. पॅड झिजले असतील तर फक्त पॅड बदला. लिव्हर किंवा कॅलिपरमधून ऑइल गळत असेल, तर मात्र नवा सेट बघावा.

आता त्या वायरबद्दल. अनेक ई-सायकलींमध्ये, विशेषतः हब मोटर असलेल्या, ब्रेक लिव्हरमध्ये कट-ऑफ सेन्सर असतो. लिव्हर जरा दाबला की तो कंट्रोलरला सांगतो, 'मोटर बंद कर'. साध्या सेटमध्ये हा सेन्सर नसतो. पेडल थांबवल्यावरही काही मोटर क्षणभर ढकलत राहतात, आणि थ्रॉटलवर अंगठा राहिला तर विचारूच नका. म्हणजे ब्रेक एकीकडे ओढतोय, मोटर दुसरीकडे. त्यामुळे जुन्या लिव्हरचा कनेक्टर किती पिनचा आहे ते बघून तसाच सेट घ्या. नाही मिळाला, तर वेगळा लावायचा चुंबकाचा सेन्सर मिळतो, पण तोही तुमच्या कंट्रोलरला चालणारा हवा. बसवल्यावर मागचं चाक उचलून मोटर चालवा आणि दोन्ही लिव्हर एकेक करून दाबून बघा. मोटर लगेच थांबली पाहिजे.

दुसरी चूक ऑइलची. शिमानो आणि मगुराचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट फ्लुइडवर. दुचाकीच्या गॅरेजमध्ये सहज मिळतं ते डॉट. ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ओतलं की आतले रबरी सील फुगतात आणि नवा सेट वाया जातो. 'ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल' असं कोणी म्हणालं, तर सायकल तिथून हलवलेली बरी.

ताकद किती हवी? साधी सायकल १२ ते १५ किलोची, ई-सायकल बऱ्याचदा २० ते २५ किलोची. खरा फरक वेगाचा. वेग ताशी १५ वरून २५ किलोमीटर झाला, की थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेतीन पट होते. सपाट रस्त्यावर ऑफिसला जाणाऱ्याला दोन पिस्टनचा चांगला कॅलिपर पुरतो. घाट, मागे बसलेलं मूल किंवा सामान असेल, तर चार पिस्टन आणि १८० मिलिमीटरची डिस्क घ्या. फ्रेम आणि फोर्क ती डिस्क घेतात का, हे आधी तपासा. डिस्कची जाडीही जुळायला हवी. साधी डिस्क साधारण १.८ मिलिमीटरची, तर ई-बाइकसाठीच्या काही डिस्क २.३ मिलिमीटरच्या असतात. जाड डिस्क साध्या कॅलिपरमध्ये घासते.

एक बारीकशी गोष्ट राहते. आपल्याकडे पुढचा ब्रेक साधारणपणे उजव्या हाताला असतो, युरोप-अमेरिकेतल्या अनेक सेटमध्ये डाव्या. पाइपची लांबी त्याच हिशोबाने भरून येते, म्हणून ऑर्डरआधी विक्रेत्याला विचारा. पाइप कापून जोडायचा असेल तर पुन्हा ब्लीडिंग आलंच.

आणि नवे पॅड पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या, पूर्ण न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत आणा, असं पंधरा-वीस वेळा करा. पकड हळूहळू वाढत गेलेली हाताला जाणवते.