प्लेट तुटत नाही, पकड सुटते

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांत मुलांकडे राहायला आलेले मराठी आजी-आजोबा बरेच. अशा वयात बाथरूममध्ये पाय घसरला आणि हातावर भार आला, की दंडाचं हाड अगदी खांद्याशी मोडतं. याच रस्त्यावरच्या सेंट जॉन्ससारख्या मोठ्या रुग्णालयाला हे फ्रॅक्चर नेहमीचं. बहुतेकांचं झोळीत हात ठेवूनच जुळतं. तुकडे फार सरकले असतील, तर मात्र काहींना प्लेट बसवावी लागते. मग घरचे विचारतात, ‘प्लेट तुटणार नाही ना?’

प्लेट क्वचितच तुटते. ठिसूळ हाडात सुटते ती स्क्रूची पकड, आणि प्लेटच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत तीच तपासायची असते.

त्यासाठी शक्यतो वयस्क व्यक्तींच्या देहदानातून मिळालेली हाडं घेतात. एकाच व्यक्तीच्या डाव्या हाडावर एक प्लेट, उजव्यावर दुसरी. हाड सारखंच असल्यामुळे फरक दिसला तर तो प्लेटचा. फोमची कृत्रिम हाडंही वापरतात. ती सगळी एकसारखी असतात, पण सत्तरीतल्या बाईच्या पोकळ झालेल्या हाडासारखी नसतात.

मग हाडाच्या गोल डोक्याखाली करवतीने काप घेऊन बरेचदा सेंटिमीटरभर फट मुद्दाम ठेवतात. टोकं एकमेकांना टेकली तर भार हाडच पेलेल आणि प्लेटची परीक्षाच होणार नाही. आतल्या बाजूचा आधार चुरडलेला असणं ही सर्वांत वाईट अवस्था. म्हणून तीच उभी करतात.

हाडाचं खालचं टोक सिमेंटमध्ये घट्ट रोवतात आणि यंत्र वरून दाबतं, सोडतं, पुन्हा दाबतं, हजारो वेळा. एकाच जोरदार दाबाने फारसं कळत नाही, कारण रुग्णाच्या खांद्यावर ताण येतो तो रोजच्या लहान हालचालींचा. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून तो मोजला. काही हालचालींत तो शरीराच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त भरला.

यंत्राजवळ उभं राहिलं, तर आधी काहीच घडत नाहीसं वाटतं. मग हाडाचं डोकं आतल्या बाजूला हळूहळू कलू लागतं, फट आतून मिटत जाते आणि शेवटी एखाद्या स्क्रूचं टोक सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेतून बाहेर डोकावतं. प्लेट तशीच धड! डोक्याच्या आतल्या, खालच्या भागात तिरपे जाणारे स्क्रू घातले, तर हे कलणं कमी होतं. माझ्या मते या चाचण्यांनी शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

मात्र यंत्रावरचं हाड कधी जुळत नाही, जिवंत हाड जुळतं. काही प्रयोगशाळा दोऱ्यांनी स्नायूंची ओढ देतात, पण रक्तपुरवठा देता येत नाही. म्हणून ‘आमची प्लेट सर्वांत मजबूत’ असं कुणी सांगितलं, तर विचारावं: हाड कोणाचं होतं, फट ठेवली होती का, आणि दाब किती वेळा दिला?