एक वाण, चार नावं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांत वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. २०२० च्या पद्मश्रीमुळे त्यांचं काम सर्वदूर पोचलं. पण असं बियाणं मुठीमुठीनं माहेराहून सासरी जातं आणि वाटेत नाव बदलतं. कुठे शेंगेच्या रंगावरून ओळखतात, कुठे बी देणाऱ्या घरावरून. उलटही घडतं. अकोल्यात घेवडा म्हणजे वालाच्या कुळातली शेंग. साताऱ्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मात्र राजम्याचा भाऊबंद.

टोमॅटोत घोळ आणखी मोठा. संगमनेर-अकोल्याच्या मळ्यांत मुख्यतः संकरित वाण असतात. त्यांच्या फळाचं बी धरलं, तर पुढच्या पिढीत एकाच वाफ्यात वेगवेगळी झाडं निघतात. त्यातलं चपटं, आंबट फळ बाजारात सहज ‘गावरान’ ठरतं. याउलट राहुरी विद्यापीठाच्या ‘धनश्री’सारख्या सरळ वाणाचं बी घरी राखता येतं, पण चिठ्ठी हरवली की तोही गावरानच.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाचीही नोंद होते. तिथे एका वाणाला एकच नाव लागतं आणि त्याचं वेगळेपण दाखवावं लागतं. म्हणून पुडीवर गाव, बी देणारं घर, वर्ष, फुलाचा रंग आणि ऐकलेली सगळी नावं लिहावीत, एकही खोडू नये. शंका असलेली दोन बियाणी एकाच हंगामात शेजारी पेरावीत. फूल, शेंग आणि दाणा पडताळल्याशिवाय त्यांना एक म्हणू नये.