जाड्या-रड्या आणि आपले चिमणराव-गुंड्याभाऊ

विनोदाचे आयुष्य फुलासारखे अल्प असते, असे म्हणतात. आणि ते बहुतांशी खरेही आहे. सकाळी ज्या कोटीवर सारे घर पोट धरून हसले, तीच कोटी सायंकाळी कोणी पुन्हा सांगू लागला, तर ऐकणारा काहीतरी निमित्त काढून माजघरात निघून जातो. करुणरसाची गोष्ट तशी नाही. सीतेचा त्याग शंभर वेळा ऐकला तरी एकशेएकाव्या वेळी आजीबाईंचे डोळे भरून येतातच. असे असता, जिला आता शंभर वर्षे होत आली, जिची भाषा परकी, वेष परका आणि देश सातासमुद्रांपलीकडला, अशा एका जोडीचा विनोद आमच्या मराठी घरांत अजून ताजा कसा राहिला, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. ती जोडी म्हणजे स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी. महाराष्ट्राने त्यांचे बारसे फार पूर्वीच करून टाकले आहे. मूळ नावे ज्यांच्या जिभेवर बसत नाहीत, तीही माणसे ‘जाड्या-रड्या’ म्हणताच ओळखीचे हसतात.

आम्ही हे ज्या युसूफ वडगावी बसून लिहीत आहो, ते बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी जेथे नांदते ते अंबाजोगाई आमच्या शेजारचेच. तेव्हा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पाय कुलदैवताच्या निमित्ताने या मुलखास लागलेले असतील. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. शहरातल्या थिएटरांचे सुख इकडील खेड्यांना कोठून असणार? मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांनी सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. आता तो तंबूही उठला आणि पडदा तळहाताएवढा होऊन प्रत्येकाच्या खिशात आला. आमच्या घरी सुटीत मुले जमली की त्या तळहातावरच्या पडद्यावर जाड्या-रड्याचे खेळ चालतात. घरातल्या आजींना ऐकू येत नाही आणि मुलांना ते इंग्रजी पुरते समजत नाही. परंतु दोघांचे हसू एकाच क्षणी फुटते. ऐंशी वर्षांच्या आजीस आणि आठ वर्षांच्या नातवास एकाच वेळी हसवील, असे दुसरे साधन आमच्या तरी पाहण्यात नाही.

ही जोडी जमली कशी?

लॉरेलचा जन्म इंग्लंडातील अल्व्हर्स्टन गावी १६ जून १८९० रोजी झाला. वडील नाटकगृहाचे व्यवस्थापक, त्यामुळे रंगभूमीचे बाळकडू घरीच मिळालेले. फ्रेड कार्नोच्या मंडळीबरोबर तो १९१० साली अमेरिकेस गेला. त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन होता, आणि चॅप्लिनचे काम ऐनवेळी उचलण्याची तयारी लॉरेलने ठेवावयाची, अशी व्यवस्था होती. हार्डी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील हार्लेम गावचा. जन्म १८ जानेवारी १८९२. तो तरुणपणी एका सिनेमागृहात काम करी आणि गळाही गोड राखून होता. दोघेही आपापल्या परीने नट म्हणून वावरत असता, १९२७ साली हॅल रोचच्या चित्रशाळेत त्यांची रीतसर जोडी जुळली, आणि १९५१ पर्यंत या जोडीने लहानमोठे शंभरांहून अधिक चित्रपट केले. मूकपट जाऊन बोलपट आला तेव्हा मोठमोठ्या नटांची आसने डळमळली. या दोघांचे आवाज मात्र त्यांच्या चेहऱ्यांस असे शोभले की त्यांची कीर्ती दुणावली. काही चित्रपट तर त्यांनी स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन भाषांतही केले. त्या भाषा येत नसताना, फळ्यावर उच्चार लिहून ठेवावयाचे आणि ते पाहून बोलावयाचे!

पडद्यावर हार्डी शहाणा आणि लॉरेल मूर्ख. पडद्यामागे प्रकार नेमका उलटा. विनोदाच्या युक्त्या काढणे, चित्रीकरणावर लक्ष ठेवणे, पुढे कापाकापी करून चित्रपट बांधणे, हे सारे लॉरेल पाही. हार्डी आपले काम चोख करी आणि ते संपले की गोल्फ खेळावयास जाई. म्हणून लॉरेलला मोबदला अधिक मिळे, आणि तो अधिक काम करतो म्हणून ते योग्यच आहे, असे हार्डीचे म्हणणे असे. जेथे चार भाऊ एका चुलीवर जेवतात, अशा घरातील कर्त्या पुरुषांनी एवढी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

घाई नसलेला विनोद

त्यांच्या विनोदाचा पहिला विशेष म्हणजे त्याची संथ चाल. १९२९ सालच्या ‘बिग बिझिनेस’ या मूकपटात ही जोडी नाताळची झाडे दारोदार विकत हिंडते. एक गृहस्थ झाड नको म्हणतो. त्याच्या दारात झाडाची फांदी अडकते, पुन्हा घंटा वाजते, आणि बाचाबाची सुरू होते. तो यांचे झाड कापतो. हे त्याच्या दाराची मोडतोड करतात. तो यांच्या मोटारीचे भाग उपटू लागतो. हे त्याच्या घराच्या खिडक्यांवर घसरतात. गंमत अशी की, एक पक्ष नासधूस करीत असता दुसरा पक्ष त्यास अडवीत नाही. तो शांतपणे उभा राहून पाहतो आणि मग आपली पाळी घेतो. पुढे काय होणार हे आपणांस आधीच दिसत असते, आणि ते घडेपर्यंतचा जो क्षण त्यातच सारे हसू साठते. सणाच्या दिवशी पंक्तीत जिलबी वाढावयास येताना दिसते आणि आपल्या पानापर्यंत पोहोचेपर्यंत तोंडास पाणी सुटते, तसाच हा प्रकार. वाट पाहण्याची गोडी ज्यास कळली, त्याचा विनोद शिळा होत नाही.

१९३२ सालचा ‘द म्युझिक बॉक्स’ याहून सरस. त्या वर्षी लघु विनोदी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्यास मिळाले. कथा म्हणाल तर एका ओळीची : दोघांनी एक पियानो टेकडीवरच्या घरी पोहोचवावयाचा आहे आणि मध्ये शंभरांवर पायऱ्यांचा जिना आहे. पियानो वर जातो, घरंगळत खाली येतो, पुन्हा वर जातो. अखेर तो वर पोहोचल्यावर टपालवाला सांगतो की, पलीकडच्या अंगाने वर येण्यास सरळ रस्ता होता. हे ऐकताच दोघे काय करतात? पियानो पुन्हा त्या जिन्यावरून खाली नेतात आणि रस्त्याने वर आणतात! लॉस एंजेलिस शहरातील तो जिना अजून आहे आणि चाहते मुद्दाम त्या पायऱ्या चढून येतात. लग्नाच्या घरी किंवा श्राद्धाच्या स्वयंपाकात निष्कारण वाढविलेल्या खटाटोपाचा ज्यास अनुभव आहे, त्यास ही कथा परकी वाटणार नाही.

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या पडण्यास हसणे हे असंस्कृतपणाचे लक्षण होय. हा आक्षेप निव्वळ टाकाऊ नाही. परंतु येथे पडतो कोण हे बारकाईने पाहावे. हार्डी हा शिष्टाचाराचा पुतळा. गळ्यातला टाय बोटांनी फडफडवीत तो अदबीने बोलतो, ‘तुला समजत नाही, मी पुढे होतो,’ अशा थाटाने लॉरेलला मागे सारतो, आणि पहिला खड्ड्यात जातो तो तोच. आपण त्याच्या स्थूल देहास हसत नाही, त्याच्या शहाणपणाच्या ताठ्यास हसतो. एवढे मात्र खरे की, ‘जाड्या’ हे नाव पडद्यावरच्या नटापुरतेच ठेवावे. शाळेतल्या एखाद्या अंगाने भरलेल्या मुलास तेच म्हणून चिडविणे हा विनोद नव्हे, आणि मुलांस तो भेद समजावून देणे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आपली घरची जोडी

परक्यांचे इतके कौतुक करीत असता आपल्या घरची जोडी विसरून कसे चालेल? हार्डीच्या जन्मानंतर बरोबर एका दिवसाने, १९ जानेवारी १८९२ रोजी, चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म झाला. पाली भाषेचे हे व्यासंगी पंडित बडोद्यास अध्यापक होते. परंतु महाराष्ट्राच्या ध्यानात राहिले ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक म्हणून. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हे पुस्तक १९३३ सालचे. चिमणराव किरकोळ अंगाचा, भित्रा, सर्वांचे मन राखू पाहणारा. गुंड्याभाऊ आडदांड, हातात सोटा, आधी कृती आणि मागून विचार अशा स्वभावाचा. मास्टर विनायकांनी या जोडीवर ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट १९४० साली आणि ‘सरकारी पाहुणे’ १९४२ साली काढला. चिमणरावाच्या भूमिकेत दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊच्या भूमिकेत विष्णुपंत जोग होते. दामूअण्णांची तिरळी नजर हीच निम्मी कोटी असे! पुढे सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तीच जोडी पुन्हा उभी केली, आणि ज्यांनी पुस्तक कधी उघडले नव्हते अशा घरांतही ती पाहुणी म्हणून शिरली.

दोन्ही जोड्यांत साम्य उघड आहे : एक जाड, एक बारीक, एक दांडगा, एक दुबळा. परंतु भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. लॉरेल-हार्डी बहुधा जगात उघड्यावर पडलेले दोघे. त्यांना एकमेकांवाचून कोणी नाही. चिमणरावाभोवती मात्र आई आहे, बायको काऊ आहे, पोरेबाळे आहेत, आणि नात्याने भाऊ लागणारा गुंड्याभाऊही त्याच घरच्या रगाड्यात आहे. म्हणजे लॉरेल-हार्डीची दोघांची मैत्री आपल्याकडे येताच एकत्र कुटुंबाचा संसार होऊन बसली.

आणि या विनोदाच्या दीर्घायुष्याचे खरे मर्म, आमच्या मते, येथेच आहे. या जोड्यांत प्रमाद रोज घडतो, दोषारोप रोज होतो, क्वचित हातघाईवरही प्रकरण येते. परंतु कोणी कोणास टाकून जात नाही. हार्डी लॉरेलवर संतापतो, लॉरेल डोके खाजवीत रडू लागतो, आणि पुढच्या खेळात दोघे पुन्हा त्याच गाडीत बसलेले दिसतात. आमच्या संस्कृत नाटककारांनाही हे मर्म ठाऊक होते. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय खादाड आहे, घाबरट आहे, नको तेव्हा नको ते बोलणारा आहे, पण चारुदत्ताचे वैभव गेल्यावर सारे पांगले तेव्हा त्याच्याजवळ राहिला तो हाच.

प्रत्येक एकत्र कुटुंबात एखादा गुंड्याभाऊ असतोच. ज्याने हाती घेतलेले काम बिघडते, ज्याची कमाई बेताची, पण ज्याचा आवाज मोठा, असा काका, मामा किंवा आतेभाऊ. पूर्वी त्याचे पान न बोलता मांडले जाई. आता घरे लहान झाली, भाऊ पुण्यास, मुंबईस, परदेशी गेले, आणि अशा माणसाचे पान कोठे मांडावयाचे हा प्रश्न निघू लागला. घर भांडणाने मोडत नाही. भांडणानंतर पुन्हा एका पंक्तीस न बसल्याने मोडते. जाड्या-रड्यास हसताना आपणांस जो एक सुखद विसावा मिळतो, तो हाच की, चुकणाऱ्यासही येथे जागा आहे.

या दोघांचे पडद्याबाहेरचे सख्यही पाहण्याजोगे होते. सप्टेंबर १९५३ मध्ये ते जहाजाने आयर्लंडातील कोव्ह बंदरास उतरले, तेव्हा तेथील मोठ्या चर्चच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची ओळखीची धून वाजविण्यात आली. ती ऐकून दोघांच्याही डोळ्यांत पाणी उभे राहिले. ७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी निवर्तला. त्यानंतर लॉरेलने दुसरा जोडीदार घेतला नाही. पडद्यावर किंवा रंगमंचावर पाऊलही टाकले नाही. १९६१ साली त्यास सन्मानाचे ऑस्कर मिळाले, तेही दुसऱ्याने जाऊन स्वीकारले. दूरध्वनीच्या पुस्तकात त्याचा क्रमांक सर्वांसारखाच छापलेला असे, आणि येणाऱ्या पत्रांची उत्तरे तो स्वतः लिही. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी तोही गेला.

आमच्या वाचकांस आमची एवढीच सूचना आहे : येत्या सुटीत मुले तो लहान पडदा घेऊन कोपऱ्यात बसली, तर त्यांस माजघरात बोलवावे, तो पडदा आजींस दिसेल असा ठेवावा, आणि ज्या भावाशी गेल्या खेपेस चार शब्द कमीजास्त झाले असतील, त्यासही हाक मारावी. ‘द म्युझिक बॉक्स’ अर्ध्या तासात संपतो. तेवढा वेळ सर्व मंडळींनी एकत्र बसावे, आणि हसणे ओसरण्यापूर्वी चहा टाकावा.