स्पेअर बॉडी कुठे आहे, गळ्यात की गाडीत?

मंगलाष्टकं संपली की अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि वधूवर एकमेकांना हार घालतात. सगळं मिनिटभरात आटोपतं. साखरपुड्याची अंगठी एखाद्या वेळी पुन्हा घालायला सांगता येते, पण फोटोग्राफरसाठी अंतरपाट दुसऱ्यांदा कुणी धरत नाही. त्या मिनिटात कॅमेऱ्यावर एरर आली तर काय करायचं, हे ज्याने आधी ठरवलेलं नाही त्याने लग्नाची ऑर्डर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही या धंद्यात स्पेअर सामानाबद्दल काही समजुती घट्ट रुतून बसल्या आहेत.

गैरसमज : कॅमेरा नवा आहे, कंपनी चांगली आहे, काय होणार?

शटर हा सतत हलणारा भाग आहे आणि तो झिजतो. कॅनन 5डी मार्क फोरचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, निकॉन डी850चं दोन लाखांपर्यंत. हे आकडे चाचणीचे आहेत, त्यांना हमी समजू नये. एखादं शटर त्याच्या दुप्पट चालतं, एखादं निम्म्यावर जातं. एका लग्नाला चार हजार क्लिक धरले तर सीझनच्या पंचवीस लग्नांतच एक लाख होतात.

पण ऐन कार्यक्रमात कॅमेरा बंद पडायला शटरच जावं लागतं असं नाही. हळदीच्या कार्यक्रमात ओली हळद बटणांच्या फटीत जाते. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल इतका बारीक असतो की तो झूम रिंगखाली शिरतो आणि ती जड फिरू लागते. लाइटच्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकतो आणि स्टँडसकट फ्लॅश खाली येतो. एसडी कार्डाच्या कडेला लॉकची एक इवलीशी प्लास्टिकची पट्टी असते. वापरून वापरून ती सैल झाली की कार्ड आत सरकवतानाच खाली घसरते आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून अडून बसतो. यातलं काहीही कालच घेतलेल्या कॅमेऱ्यालाही चुकत नाही.

गैरसमज : स्पेअर बॉडी आहे की, गाडीत ठेवलीय.

सगळ्यात घातक समजूत ही. गाडी पार्किंगमध्ये, किल्ली ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर जेवायला बसलेला. स्पेअर सामानाचं माप सेकंदात घ्यायचं असतं. एक बॉडी बंद पडल्यावर पुढचा फोटो किती सेकंदांत निघतो, एवढं एकच विचारायचं. दुसरी बॉडी खांद्याला असेल तर तीन-चार सेकंद लागतात. स्टेजमागच्या बॅगेत असेल, तर लेन्स काढून लावण्यात हार घालून होतात.

म्हणून मुहूर्ताच्या वेळी दोन्ही बॉडी अंगावर हव्यात आणि दोन्ही कामात हव्यात : एकीवर 24-70, दुसरीवर 70-200 किंवा 85. लेन्स बदलायची वेळच येत नाही, त्यामुळे अक्षतांच्या माऱ्यात सेन्सर उघडा पडत नाही, हा आणखी एक फायदा. दोन्ही बॉडींचा माउंट एकच असावा, कार्डं आणि बॅटऱ्या एकमेकींना चालाव्यात. एक कॅनन आणि एक सोनी अशी जोडी असेल, तर एकीची बॉडी आणि दुसरीची लेन्स असं एकाच वेळी बिघडलं की हातात निरुपयोगी सामानच उरतं. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं आदल्या रात्री सेकंदापर्यंत जुळवून ठेवायची. नाहीतर निवडीला बसल्यावर सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते आणि अल्बमवाल्याचे दोन दिवस ते निस्तरण्यात जातात.

जे कपाटात पडून राहतं त्याला मी स्पेअर धरत नाही. सहा महिने न वापरलेल्या बॉडीची बॅटरी उतरलेली असते आणि सेटिंग कुठल्या तरी जुन्या कार्यक्रमाचं असतं. प्रत्येक ऑर्डरला तिच्यावरही थोडं काम करावं.

बॉडीचा विचार करणारे बरेच जण फ्लॅशला विसरतात. रात्रीच्या रिसेप्शनला फुल पॉवरवर एकामागून एक फ्लॅश मारला की तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी संथ होतो किंवा थांबतो. दुसरा फ्लॅश, दुसरा ट्रिगर, चार्ज केलेल्या सेलचे जादा संच आणि बॅगेच्या कोपऱ्यात एक 50 एमएम 1.8 लेन्स एवढं हवंच. ही लेन्स स्वस्त आणि वजनाला नगण्य असते. मोठी झूम बंद पडली तर अंधाऱ्या हॉलमध्येही तिच्यावर लग्न निभावता येतं.

गैरसमज : आम्ही दोघं जण शूट करतो, म्हणजे बॅकअप झालाच.

एक वरपक्षाकडे आणि एक वधूपक्षाकडे, किंवा एक ट्रॅडिशनल आणि एक कँडिड. दोघांच्या जागा वेगळ्या, कामं वेगळी. एकाचा कॅमेरा गेला की त्याच्या बाजूचं सगळं जातं. दोन माणसं असतील तर किमान तीन बॉडी लागतात.

गैरसमज : कॅमेऱ्याला दोन स्लॉट आहेत, डेटा सेफ आहे.

2018 मध्ये कॅनन ईओएस आर आणि निकॉनचे झेड6, झेड7 आले तेव्हा त्यांना एकच स्लॉट होता. जगभरचे लग्नाचे फोटोग्राफर त्यावर नाराज झाले आणि 2020च्या झेड6 टू आणि कॅननच्या आर6, आर5 मध्ये दोन स्लॉट आले. पण नुसते स्लॉट असून भागत नाही. पहिलं कार्ड भरल्यावर दुसऱ्यावर जायचं, की प्रत्येक फोटो दोन्हीवर लिहायचा, हे मेनूत जाऊन ठरवावं लागतं. पहिल्या सेटिंगवर राहिलात तर दोन कार्डं असूनही प्रत्येक फोटोची एकच प्रत असते. शूटच्या आधी दहा फोटो काढून दोन्ही कार्डं उघडून पाहा, लगेच कळतं.

गैरसमज : कार्ड करप्ट झालं तरी रिकव्हरी होते.

कधी होते, कधी नाही. चुकून फोटो डिलीट झाले आणि त्या कार्डावर पुढे काहीच लिहिलं गेलं नाही, तर फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरनेही ते बऱ्याचदा परत मिळतात. म्हणून असं झाल्यावर कार्ड तत्काळ काढून बाजूला ठेवायचं. त्यावर नवे फोटो काढले की जुने पुसले जातात. आणि कार्डातली चिपच गेली असेल तर सॉफ्टवेअरचा काही उपयोग नाही. काम लॅबकडे जातं, खर्च मोठा, खात्री नाही.

म्हणून घरी आल्या रात्रीच कॉपी मारायची. पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 हा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एका लग्नाच्या तीन हजार रॉ फाइल, प्रत्येकी 30 एमबी, म्हणजे 90 जीबी. 50 एमबीपीएस अपलोड असेल तर क्लाउडवर चढवायला चार तास, 20 असेल तर दहा. तालुक्याच्या गावी एवढं नेट नसेल तर दुसरी हार्ड डिस्क भावाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा, नियम पाळला जातो. अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंत शक्यतो कार्डंही फॉरमॅट करू नयेत.

गैरसमज : हे मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टुडिओंना परवडतं.

नवी बॉडी घेताना जुनी एक्स्चेंजला देऊन जे दहा-पंधरा हजार येतात, ते घेऊ नका. जुनी ठेवून द्या, तीच तुमची स्पेअर. तेही जमत नसेल तर तारीख ठरल्याबरोबर भाड्याची बॉडी बुक करा आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा. दाट मुहूर्तांच्या दिवसांत ऐनवेळी भाड्यानेही काही मिळत नाही. विम्यावर भिस्त ठेवून बसलेल्यांनी हे लक्षात घ्यावं की सामानाचा विमा सामानाची किंमत देतो, गेलेले फोटो नाही. आणि फोटो न मिळालेलं कुटुंब ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेऊ शकतं.

गोव्याच्या डेस्टिनेशन वेडिंगला विमानाने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट : जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात.

घरच्यांनीही बुकिंग करताना पॅकेज आणि अल्बमच्या पानांबरोबर दोन प्रश्न विचारावेत : कॅमेरा बंद पडला तर हातात दुसरा काय आहे, आणि रात्री फोटोंच्या किती प्रती होतात? चांगला फोटोग्राफर यावर रागावत नाही, तो बॅग उघडून दाखवतो.