गिझर, थर्मोस्टॅट आणि खंडित वीज

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, कडाक्याच्या थंडीत गिझर बंद पडला, की दोष बहुधा थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीजप्रवाह तोडणाऱ्या आणि पाणी निवल्यावर तो पुन्हा जोडणाऱ्या स्वयंचलित खटक्याला दिला जातो; मात्र त्याच्यापर्यंत वीज पोहोचते का, हे आधी पाहणे आवश्यक असते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेत असल्याने सॉकेटमधील सैल जोडणी तापून काळवंडते, तर कधी एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर जाताच तो तोडणारा स्विच, ट्रिप झालेला आढळतो.

वीज येत असूनही पाणी थंडच राहिल्यास थर्मल कटआउटचा विचार करावा लागतो: थर्मोस्टॅट निकामी होऊन पाणी धोकादायक पातळीपर्यंत तापू लागले, की ही दुसरी सुरक्षायंत्रणा पुरवठा तोडते आणि अनेक गिझरमध्ये झाकणाआडचे बटण दाबल्याविना ती पूर्ववत होत नाही. बोअरच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा थर कॉइलवर साचला, तरी ती अतितप्त होऊन जळू शकते. या कारणाकडे विनाकारण दुर्लक्ष होते.

एमसीबी पुन्हापुन्हा पडत असल्यास तो वारंवार चढवणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी मुख्य पुरवठा बंद ठेवून अर्थिंगसह संपूर्ण तपासणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.