‘आहे’, ‘असते’ आणि ‘असेल’ : सत्तेच्या प्रश्नाची मराठी मांडणी

सत्ता म्हणजे काय, आणि जाणणाऱ्या मनाचा तिच्याशी संबंध कोणत्या प्रकारचा, हे दोन प्रश्न तत्त्वज्ञानात सहसा एकत्रच येतात. मराठीत त्यांचा विचार करताना ‘सत्’, ‘सत्ता’, ‘अस्तित्व’ ही संस्कृत नामे पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे परिभाषेला स्थैर्य येते, हे खरे. तथापि सत्ता ही एकजिनसी अशी काही वस्तू आहे, हा ग्रहही त्यामुळेच बळावतो. बोलत्या मराठीत सत्तेचे विधान बहुधा नामाने होत नाही, क्रियापदाने होते. आणि वर्तमानाविषयी बोलतानाही ते क्रियापद निदान तीन रूपे घेते. हा भेद केवळ व्याकरणाचा की त्याची पोच सत्तेच्या प्रश्नापर्यंत आहे, हे पाहण्याजोगे आहे.

दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानच्या कोपर स्थानकाविषयीची तीन वाक्ये घेऊ : ‘फलाटावर गर्दी आहे’, ‘सकाळी फलाटावर गर्दी असते’, ‘आता फलाटावर गर्दी असेल’. पहिल्या वाक्याचा निर्णय फलाटाकडे पाहून होतो. दुसरे वाक्य एखाद्या सुटीच्या सकाळी फलाट रिकामा दिसला म्हणून खोटे ठरत नाही. ते कोणत्याही एका क्षणाविषयी नसून क्षणांच्या क्रमात आढळणाऱ्या नियमाविषयी आहे. तिसऱ्या वाक्याचे रूप भविष्यकाळाचे, पण अर्थ वर्तमानाचा आहे. पहिल्या व तिसऱ्या वाक्यांतील फलाट एकच आणि क्षणही एकच असू शकतो. बदलतो तो बोलणाऱ्याच्या ज्ञानाचा आधार.

या तिन्हींचा परस्परसंबंध अनुमानात स्पष्ट दिसतो. ‘सकाळी गर्दी असते, आता सकाळ आहे, म्हणून गर्दी असेल.’ व्याप्तीच्या जागी ‘असते’, पक्षधर्मतेच्या जागी ‘आहे’ आणि निष्कर्षाच्या जागी ‘असेल’ येते. नैयायिकांची व्याप्ती मात्र निरपवाद असते आणि अनुमिती निश्चयात्मक. मराठीतील ‘असते’ अपवाद सहन करते. म्हणूनच त्यावर उभारलेला निष्कर्ष संभावनेपलीकडे जाऊ शकत नाही, आणि भाषा ही मर्यादा ‘असेल’ या रूपाने नोंदवते.

दुसरा भेद याहून सूक्ष्म आहे. ‘भुते असतात का?’ असे मराठी माणूस सहज विचारतो. परंतु ‘परमेश्वर असतो का?’ असे न विचारता ‘परमेश्वर आहे का?’ असे विचारतो. पहिला प्रश्न जातीविषयी, दुसरा एकमेव मानलेल्या व्यक्तीविषयी. गोट्लोब फ्रेगे यांनी 1884 साली असे प्रतिपादले की अस्तित्व हा वस्तूचा धर्म नसून संकल्पनेचा धर्म आहे : अमुक संकल्पनेखाली काही येते, एवढेच अस्तित्वविधान सांगते. ‘भुते असतात’ या वाक्याला हे विश्लेषण चपखल बसते. ‘परमेश्वर आहे’ या वाक्याला ते लावताना कष्ट पडतात. हा भेद निरपवाद नाही, ‘भुते आहेत’ असेही म्हटले जाते. पण प्रवृत्ती स्पष्ट आहे.

जे नाही त्याविषयी बोलता कसे येते, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडात त्याची चिकित्सा केली आहे. ‘अंकुर उगवतो’ या वाक्यात अंकुर आधीच असेल तर उगवण्याला अर्थ नाही, आणि नसेल तर उगवण्याला कर्ता नाही. भर्तृहरीचे उत्तर असे की शब्दाच्या अर्थाला बाह्य सत्तेहून वेगळी अशी औपचारिक सत्ता असते; तिच्या आधारावरच ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही विधाने शक्य होतात. मन जगाशी थेट न भिडता अर्थाच्या द्वारे भिडते, असा याचा आशय.

ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त याच्या पुढचा प्रश्न हाताळला आहे. सत्, चित् आणि आनंद ही पदे परमतत्त्वाचे वर्णन करीत नाहीत. असत्, जड आणि दुःख यांची व्यावृत्ती करून ती निवृत्त होतात, असे त्यांचे प्रतिपादन. ‘आहे’ हा शब्दही अखेर ‘नाही’च्या अपेक्षेनेच बोलतो, हे यावरून निष्पन्न होते.

मग सत्तेचे प्रकार भाषेनेच निर्माण केले काय? एमील बांव्हनिस्त यांनी 1958 सालच्या निबंधात अ‍ॅरिस्टॉटलचे पदार्थ ग्रीक भाषेच्या रूपांवर बेतलेले असल्याचे दाखवले आणि पश्चिम आफ्रिकेतील एवे भाषेत ‘असणे’ अनेक क्रियापदांत विभागलेले आहे, याकडे लक्ष वेधले. त्यावरून प्रत्येक भाषेचे जग निराळे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘गर्दी आहे’ आणि ‘गर्दी असते’ यांतील भेद ज्या भाषांत क्रियापदाच्या रूपाने दाखवला जात नाही, तेथे तो क्रियाविशेषणाने किंवा संदर्भाने सांगता येतो. भेद सर्वांना उपलब्ध असतो. तो कोठे अनिवार्य होतो, एवढेच भाषा ठरवते.

मराठीत तो अनिवार्य असल्याने मराठीतून तत्त्वचिंतन करणाऱ्याला एक साधन आयते मिळाले आहे. परभाषेतील अस्तित्वविषयक विधान मराठीत आणताना ते ‘आहे’ने आणावे की ‘असते’ने, हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना मूळ लेखकाने व्यक्ती आणि जाती, दृष्ट आणि नियम यांची गल्लत केली आहे काय, हेही उघड होते. ‘अस्तित्व’ हे एकच नाम सर्वत्र योजल्यास ही परीक्षा टळते, आणि तिच्याबरोबर प्रश्नही.